डावीकडं चाळीस, चौदा पायऱ्या

"तेहतीस वर्षं झाली, माझी पेटी एकदा बी चुकली न्हाई!"

मल्लिनाथअप्पा हलकुडे, ऊर्फ जादूगार एम. नाथ, लातूर, हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणायचेच. चहाच्या टपरीवर म्हणायचे. न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्यावर वस्तरा असताना म्हणायचे. एकदा दात काढायला गेले तेव्हा तोंडात चिमटा असतानाही म्हणाले. डॉक्टरला नुसतं "आ-आ-ऊ" ऐकू आलं, ती गोष्ट वेगळी!

आता हा पेटीचा खेळ काय, ते सांगतो. पण आपल्यातच राहू द्या, कुणाच्या पोटावर पाय नको. स्टेजवर उभी लाकडी पेटी. तिच्यात अप्पांची बायको सिंधु लाल चमकीचा झगा घालून शिरते. अप्पा दार लावतात, काहीतरी पुटपुटतात, तीन टाळ्या वाजवतात आणि दार उघडतात. पेटी रिकामी! तेवढ्यात सिंधु पेटीच्या पाठीमागून निसटलेली असते. पडद्याआड झग्यावर एक राखी लुगडं गुंडाळते, डोईवर पदर घेते, बाहेरून वळसा घालते आणि पब्लिकच्या शेवटच्या रांगेत बायकांत जाऊन बसते. मग अप्पा कपाळावर आडवा हात धरून विचारतात, "सिंधुबाई, कुठं आहात?" आणि शेवटच्या रांगेतली ती लुगड्यातली बाई उजवा हात वर करून उठते, "हाव! हितंच हाय मी!" शेजारची किंचाळते, लेकरं खुर्च्यांवर चढतात, टाळ्यांचा कडकडाट होतो. टाळ्या पडेपर्यंत सिंधु हात खाली घेत नाही आणि बसतही नाही. तिचा नियमच तसा.

ह्या सिंधुला दोन वर्षांपासून विसरण्याचा आजार लागला होता.

वरणात चहाची पत्ती टाकायची. मिठाचा डबा हातात धरून मीठ शोधायची. दूधवाल्याला आपल्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारून "जेवून जा रे" म्हणायची, आणि तोही बिचारा दोनदा जेवून गेला! एके दिवशी तिनं खुद्द अप्पांनाच विचारलं, "तुम्ही कुणाकडं आलाव?" अप्पांनी हसण्यावारी नेलं. मग न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले.

पण पेटीत? पेटीत सिंधु पक्की! घरातलं घर विसरायची, पण खेळ विसरत नव्हती. कारण खेळाआधी दोघं वाट मोजायचे. ही त्यांची जुनी रीत. नव्या हॉलमध्ये गेलं की आधी हातात हात घालून पेटीच्या मागच्या दारापासून शेवटच्या रांगेपर्यंत चालायचं आणि पावलं मोजायची. सिंधुची पावलं, अप्पांची नव्हे. ती चिमणीसारखी टुकुटुकु चालायची. एकदा मोजली की संपलं, मग डोळे बांधले तरी चुकायची नाही. मागच्या आठवड्यात नायगावला खेळ झाला, तिथं बायकांना बसायला वरची गॅलरी होती. तिथली वाट सिंधुच्या डोक्यात अशी बसली, की भाकरी थापताना, केस विंचरताना, देवापुढं विभूती लावताना तोंडात एकच, "डावीकडं चाळीस, चौदा पायऱ्या, उजवीकडं बावीस." अप्पांना वाटायचं, बघा! कोण म्हणतं हिला आठवत न्हाई?

कोण म्हणतं? त्यांची लेक मंजुषा म्हणत होती. नांदेडला शाळेत मास्तरीण, नवरा वीरेश बँकेत. ती दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी भांडण व्हायचं.

"अप्पा, अव्वाला मी नांदेडला आणते. तुम्ही खेळाला गेलाव की ती घरी एकटी. परवा गॅस उघडा ठेवून दळणाला गेली."

"मग मी तिला खेळाला नेतो की!"

"अप्पा, आजारी माणूस हाय ती. पेटीत काय कोंबायलाव?"

"कोंबत न्हाई गं. पेटीत ती बरी असते."

हे मात्र खरं होतं, आणि यातली अर्धी गोष्ट अप्पांनी लेकीला कधी सांगितली नाही. घरात सिंधु त्यांना कधी ओळखायची, कधी नाही. पण खेळात त्यांनी "सिंधुबाई, कुठं आहात?" म्हटलं, की ती त्यांच्याकडं बघून अशी हसायची जशी तेहतीस वर्षांपूर्वी हसली होती. तेवढं हसू बघायला अप्पा फुकटातसुद्धा खेळ घेत होते. लातूर जिल्ह्यात जादूगार इतका स्वस्त कधी झाला नव्हता!

शेवटी एका रविवारी अप्पा इरेला पेटले. "तू ये. डोळ्यानं बघ. पेटी चुकली तर घेऊन जा तुझ्या आईला, मी एक शब्द बोलायचा न्हाई. अन् न्हाई चुकली, तर पुन्हा नांदेडचं नाव काढायचं न्हाई! बोल!"

"बोलले," मंजुषा म्हणाली.

खेळ ठरला संगमेश्वरशेठ डाळमिलवाल्यांकडं. नातवाचा पहिला वाढदिवस. मार्केट यार्डाजवळचं दुमजली सभागृह. खाली शेठचा वाढदिवस, वर कुठल्याशा कोचिंग क्लासची पालकसभा. खाली फुगे, वर टेन्शन. ज्याचा वाढदिवस तो मुलगा आत्याच्या खांद्यावर मेल्यासारखा झोपलेला आणि बाकी दोनशे लेकरं जागी!

दुपारी चारला अप्पा तयार झाले. निळा झगा, फेटा आणि त्या मिशा. मिशा खोट्या, पण काय मिशा! दोन्ही टोकांना लिंबू ठेवावं अशा. अप्पांच्या खऱ्या ओठावर कधी धड लव उगवली नव्हती, म्हणून पहिल्या खेळापासून ह्याच जातीच्या मिशा लावायचे.

सिंधु पडद्यामागं लाल झग्यात तयार उभी होती. तिनं अप्पांचा हात धरून ओढला. "चला की. मोजू."

अप्पा निघालेच होते. तेवढ्यात समोर मंजुषा दिसली. हाताची घडी घालून, तोंडी परीक्षा घ्यायला आल्यासारखी उभी. अप्पांना वाटलं, हिच्यासमोर हात धरून चालवलं तर ही म्हणणार, बघा, अव्वाला लहान लेकरासारखं शिकवावं लागतंय! झालं. माणसाला अवदसा आठवते ती अशी.

"आज मोजायचं न्हाई," अप्पा मोठ्यानं, मंजुषाला ऐकू जाईल असं म्हणाले. "आज बिनमोजता! दारातून उजवीकडं, पंधरा पावलं. की आलाच हॉलचा बाजूचा दरवाजा. काय?"

"उजवीकडं पंधरा," सिंधु म्हणाली. पण तिनं हात सोडला नाही. अप्पांनीच तो हळूच सोडवला आणि मिशांना पीळ दिला.

खेळ दणक्यात सुरू झाला. रुमालातून फुलं, फुलांतून कबुतर, कबुतरातून पुन्हा रुमाल. मग पेटी. सिंधु हसत आत शिरली, दार लागलं, तीन टाळ्या, दार उघडलं. रिकामी! दोनशे लेकरांनी "आऽऽ" केलं. अप्पांनी पहिल्या रांगेतल्या मंजुषाकडं एक तिरका कटाक्ष टाकला, मनात तीस आकडे मोजले आणि कपाळावर आडवा हात धरला.

"सिंधुबाई, कुठं आहात?"

सगळ्यांनी माना मागं वळवल्या. शेवटच्या रांगेत शेठची मेहुणी शंकरपाळे खात होती. बाकी कोणी नाही.

"लुगडं सुटलं असंल," अप्पांनी मनाची समजूत घातली आणि आणखी दहा मोजले. "सिंधुबाईऽऽ, कुठं आहात?"

शंकरपाळ्यांचा कुरुमकुरुम आवाज तेवढा आला.

"आमच्या बाई जरा तुळजापूरला दर्शनाला गेल्यात!" अप्पा ओरडले. "येतीलच! तोवर हे बघा, रुमालातून फुलं!"

"हे झालंय की!" एक लेकरू ओरडलं.

"मग फुलांतून कबुतर!"

"ते बी झालंय!"

पेटी म्हणजे शेवटचा खेळ. त्यानंतर अप्पांच्या पोतडीत काहीच नसायचं. त्यांनी कबुतर पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा काढल्यावर कबुतरच वैतागलं आणि पंख्यावर जाऊन बसलं. अप्पांनी पडद्याआड डोकावून बघितलं. खुंटीवर लुगडं नव्हतं. म्हणजे गुंडाळून गेली. बाजूचा दरवाजा बघितला. नाही. मागची मोरी बघितली. नाही. अंगणात आचारी पुऱ्या तळत होता, त्याला विचारलं तर म्हणाला, "लई बाया जाऊन राहिल्या, कोणती तुमची?"

अप्पा स्टेजवर परत आले. त्यांनी माईक घेतला. "मंडळी, खेळ नव्हं हे. माझी बायको... खरंच सापडंना झाली."

हॉल असा हसला, की छताचे चार फुगे फुटले!

"आवं, खरंच! तिला आठवत न्हाई हो काही! कुणी बघितली का? राखी लुगडं हाय, आत लाल झगा हाय..." अप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"काय ॲक्टिंग!" शेठची मेहुणी म्हणाली. तिनं शंकरपाळे बाजूला ठेवले, एवढी ती रंगली. आयुष्यभरात अप्पांना असल्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. लोक उभे राहिले! आणि एवढ्यात संगमेश्वरशेठ शाल आणि नारळ घेऊन स्टेजवर चढले. आपल्याकडं माणूस बुडत असला तरी आधी त्याचा सत्कार होतो, मग दोर टाकतात.

"नाथसाहेबांची कला..." शेठनी माईक काढून घेतला. "त्यांच्या डोळ्यात आलेले अश्रू, हे खरे वाटावेत, ही साधी गोष्ट न्हाई!"

"शेठ, खरे हायत!" अप्पा शालीतून म्हणाले.

"बघा, अजून सोडायला तयार न्हाईत!" शेठ म्हणाले, आणि पुन्हा कडकडाट.

टाळ्या वाजवणाऱ्यांत मंजुषाही होती. तिला वाटलं, अप्पांनी आपल्याला दाखवायला खेळ लांबवला. काय करता, जादूगाराच्या घरची लेक. लहानपणी तिच्या कानातून इतकी नाणी निघाली होती, की बापाच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवावा हेच तिला कळत नसे. मग अप्पांनी माईक न घेता, शेठच्या खांद्यावरून, साध्या आवाजात हाक मारली. "मंजे, अव्वा न्हाई गं."

स्टेजवरून तिला नावानं त्यांनी कधीच हाक मारली नव्हती. मंजुषाचे हात टाळीतच थांबले. पुढच्या क्षणी ती चप्पल न घालता बाहेर पळाली.

ती बस स्टँडकडं गेली, कारण हरवलेलं माणूस आपल्याकडं आधी स्टँडवर बघतात. अप्पा गेले पोलीस चौकीत. झगा, फेटा, मिशा, शाल आणि हातात नारळ!

चौकीत हवालदार अमृतराव रजिस्टर घेऊन बसले होते. त्यांनी ह्या वऱ्हाडाकडं बघितलं. "आधी त्या मिशा काढा. आधार कार्डावर न्हाईत त्या."

अप्पांनी मिशा काढून टेबलावर ठेवल्या. फेटाही ठेवला. खाली उरला एक टकला, घामेजलेला म्हातारा.

"धंदा?"

"जादूगार."

"हरवलं कोण?"

"बायको. सिंधु."

"शेवटचं कुठं बघितलं?"

"पेटीत."

"पेटीत कुणी घातलं?"

"मी."

"मग?"

"मग मी तीन टाळ्या वाजवल्या, अन् ती गायब झाली."

अमृतरावांचं पेन थांबलं. "अप्पा, हे असंच लिहू म्हणता? मग तुम्हाला इथंच बसवून ठेवावं लागंल बगा."

"आवं, ती रोजच गायब होते!"

"अन्?"

"अन् येते परत. आज आली न्हाई."

"फोटो?"

अप्पांचा मोबाईल बटणाचा. त्यांनी झग्याच्या खिशातून खेळाचं हँडबिल काढलं. त्यावर सिंधु होती, पण करवतीनं मधोमध कापलेली! डोकं इकडं, पाय तिकडं, आणि हसत होती. अमृतरावांनी हँडबिल उलटं केलं. मागच्या बाजूला टेबलावर सिंधुचं नुसतं मुंडकं.

"अख्ख्या बाईचा एक बी फोटो न्हाई?"

अप्पांनी आठवून बघितलं. तरंगती सिंधु होती, कापलेली होती, बिनधडाची होती. तेहतीस वर्षांत त्यांनी अख्ख्या सिंधुचा एक फोटो काढून खिशात ठेवला नव्हता. खुर्चीत बसलेल्या त्या टकल्या म्हाताऱ्याला इतकी शरम वाटली, की त्यानं हँडबिल परत घेऊन छातीशी धरलं.

अमृतरावांनी पेन खाली ठेवलं. पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "माझ्या मायला बी असंच झालतं," ते म्हणाले. "आठवा जरा. मागं कधी चुकली होती का?"

"कधीच न्हाई! आम्ही वाट मोजतो साहेब. परवा नायगावला तर घड्याळ लावून बघा. डावीकडं चाळीस, चौदा पायऱ्या..."

अप्पा तिथंच थांबले. मग ताडकन उठले. आज वाट मोजली नव्हती. तोंडानं सांगितलेलं सिंधुच्या डोक्यात राहत नव्हतं, पायानं चाललेलं राहत होतं. आणि तिच्या पायांत शेवटची वाट होती ती नायगावची!

"साहेब, गाडी हाय का?"

अमृतरावांनी मोटारसायकल काढली. सभागृहाच्या मागच्या दाराशी अप्पा उतरले आणि डावीकडं वळून चालायला लागले. स्वतःची ढांगच्या ढांग टाकून चालले तर तीसलाच भिंत आली. छे! परत फिरले. मग त्यांनी झगा वर धरला आणि सिंधुसारखी टुकुटुकु पावलं टाकली. एक, दोन, तीन. पुऱ्या तळणारा आचारी झारा हातात धरून बघत राहिला. अमृतराव तोंडातल्या तोंडात त्यांच्याबरोबर मोजत होते. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. समोर लोखंडी जिना!

बारा, तेरा, चौदा पायऱ्या. पायऱ्या अजून वर गच्चीकडं चालल्या होत्या, पण चौदाव्याला सज्जा लागला. उजवीकडं बावीस. आणि बाविसाव्या पावलाला एक उघडं दार.

आत चारशे पालक बसले होते. उदगीरचे, निलंग्याचे, नायगावचे, नांदेडचे. सगळ्यांच्या मांडीवर एकसारख्या फायली. स्टेजवर रेणुकादास सर माईकवर सांगत होते, "पालकहो, पुढचे दोनशे दिवस तुमच्या पाल्याला लग्न न्हाई, जत्रा न्हाई, मोबाईल न्हाई!" आणि शेवटच्या रांगेत, बायकांत, डोईवर पदर घेऊन, मांडीवर फाईल आणि हातात बिस्किटाचा पुडा घेऊन सिंधु बसली होती. लुगड्याखालून लाल चमकी दिसत होती.

अप्पा बायकांतून वाट काढत गेले. ते तिच्या कानाशी वाकले. "सिंधु."

सिंधुनं त्यांच्याकडं बघितलं. मग ओठावर बोट ठेवलं. "शूऽऽ! भाऊ, खाली बसा. खेळ चालू हाय."

"सिंधु, मी गं. मल्लिनाथ."

ती तोंडाला पदर लावून हसली. "काहीतरीच! आमच्या मालकाला मिशा हायत."

अप्पांचा हात ओठाकडं गेला. मग झग्याच्या खिशात गेला. मिशा हवालदाराच्या टेबलावर राहिल्या होत्या!

"ताईंची लेक लई हुशार हाय म्हणं," शेजारची उदगीरची बाई कौतुकानं म्हणाली आणि सिंधुच्या फायलीतला कागद दाखवला. सिंधुनं सांगितलेलं तिनंच भरलं होतं. पाल्याचं नाव, मंजुषा मल्लिनाथ हलकुडे. इयत्ता बारावी.

"चल घरी," अप्पांनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, अगदी हळूच, जसा दुपारी अप्पांनी सोडवला होता.

"मालक हाक मारतेत आता," ती म्हणाली. "त्याबिगर उठायचं न्हाई. खेळ मोडतो."

काय करणार? अप्पा मधल्या वाटेनं स्टेजकडं चालू लागले. चारशे पालकांनी निळ्या झग्यातला तो म्हातारा बघितला. ह्याचा पाल्य कुठल्या बॅचला असेल, असा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर!

"आजोबा, प्रश्न शेवटी घेऊ," रेणुकादास सर म्हणाले.

"एकच हाय, सर," अप्पांनी माईक घेतला.

आयुष्यभर शंभर गावांत हा प्रश्न त्यांनी विचारला होता, तेव्हा उत्तर येणारच हे माहीत असायचं; आज नव्हतं. त्यांनी कपाळावर आडवा हात धरला.

"सिंधुबाई... कुठं आहात?"

शेवटच्या रांगेत बिस्किटाचा पुडा खाली पडला. "हाव! हितंच हाय मी!"

ती उठली होती. उजवा हात वर. आणि अप्पांकडं बघून हसत होती. तेच, तेहतीस वर्षांपूर्वीचं. अप्पांना सगळं विसरायला झालं. चौकी, शाल, पैज, सगळं.

पण पालकांना काय माहीत, इथं टाळी वाजवायची असते! चारशे माणसं गप्प. सिंधु हात वर करून तशीच उभी. दहा सेकंद गेले. हात कापायला लागला, हसू ओठावर अवघडलं, ती इकडं तिकडं बघायला लागली. काहीतरी चुकलं, काय चुकलं कळेना, असा तिचा चेहरा झाला. अप्पांच्या हातात माईक, तो कुठं ठेवावा हे त्यांना सुचेना.

तेवढ्यात दाराशी एकटीच टाळी वाजली. मंजुषा होती. स्टँडवरून परतल्यावर आचाऱ्यानं वर पाठवलेली; अनवाणी, धुळीनं पाय भरलेले. रडत होती आणि टाळ्या वाजवत होती. मग अमृतराव वाजवू लागले. मग उदगीरची बाई. मग अख्खा हॉल. सिंधुनं हात खाली घेतला आणि समाधानानं बसली.

"पालकहो!" रेणुकादास सर माईक परत घेत म्हणाले. "ह्याला म्हणतात हजेरी!"

खाली जिन्यावर अप्पा आणि मंजुषा बसले. सिंधु मधल्या पायरीवर बिस्किटं खात होती.

"पेटी चुकली," अप्पा म्हणाले. "तू ने तिला."

"अप्पा, राहू द्या ती पैज. अव्वा कुठं चुकली? बरोबर चाळीस चालली की."

"तेच सांगायलाव. ती न्हाई चुकली. मी चुकलो. ती हात धरून चला म्हणत होती गं, मी तुझ्यापुढं तोरा मिरवायला सोडवला." अप्पांनी झग्याच्या खिशातून नारळ काढून पायरीवर ठेवला. "पेटीत ती बरी असते, असं म्हणायचो ना मी? पेटीत मी बरा असायचो. ने तिला."

दुसऱ्या दिवशी वीरेश गाडी घेऊन आला. सिंधु मागच्या सीटवर बसली, फाईल मांडीवर. काच खाली करून तिनं विचारलं, "नांदेडला किती पावलं?"

उत्तर देण्याआधी अप्पांनी एवढा विचार कधीच केला नव्हता. "मोजायची न्हाईत," ते म्हणाले. "तू नुसतं बसायचं. मी हाक मारीन."

आता रोज संध्याकाळी सातला अप्पा बटणाच्या फोनवरून हाक मारतात. "सिंधुबाई, कुठं आहात?" तिकडं नांदेडला स्पीकरवर आवाज आला की सिंधु सोफ्यावरून उठते, हात वर करते, "हाव! हितंच हाय मी!" आणि टाळ्या पडल्याशिवाय बसत नाही. म्हणून मंजुषा पोळ्या सोडून येते, वीरेश बँकेतून आल्या आल्या बूट न काढता वाजवतो. एकदा दोघंही खाली गेले होते, तर ती पाऊण तास उभी होती म्हणे. तेव्हापासून अप्पा इकडूनही वाजवतात. एका हातात फोन. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात, तर अप्पा मांडीवर वाजवतात. मांडी लाल होते, पण "बसली बरं का अव्वा" असं मंजुषानं सांगितल्याशिवाय थांबत नाहीत.

परवा फोन ठेवायच्या आधी त्यांना सिंधुचा आवाज ऐकू आला. "मंजे, ह्यो माणूस रोज फोन करतोय, कोण हाय गं? आवाज तेवढा आमच्या मालकावानी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच अप्पा चौकीत गेले. अमृतरावांनी काही न विचारता ड्रॉवर उघडला आणि मिशा काढून दिल्या. आता पावणेसात वाजले की अप्पा आरशापुढं उभं राहून त्या नीट चिकटवतात, दोन्ही टोकांना पीळ देतात आणि मगच नांदेडचा नंबर लावतात. बटणाच्या फोनवर मिशा दिसणार, कपाळ! अप्पांना काय हे कळत नाही? पण लावतात बिचारे.